एका पिनेची धास्ती

पोलादाची एक पिन. करंगळीच्या पेराएवढी, कुणाच्या नजरेत न भरणारी. कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेल इंजिनाच्या तोंडाशी टायमिंग गिअरची पेटी असते. ती ब्लॉकवर नेमक्या जागी बसावी म्हणून कारखान्यात ही पिन ठोकतात. पेटीचे बोल्ट आवळले की पिनेचं काम संपतं. इंजिन मात्र हादरतच राहतं आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी पिन भोकातून सरकत सरकत बाहेर येते. नशीब थोर असेल तर ती खाली तेलात जाऊन पडते. नसेल तर फिरत्या गिअरच्या दातांत सापडते, पेटी फुटते आणि लाखो मैल चालू शकणारं इंजिन रस्त्याच्या कडेला उभं राहतं.

अमेरिकेत डॉजचे पिकअप बाळगणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘किलर डोवेल पिन’. उपाय अगदी साधा. पुढचं झाकण उघडायचं, पिन परत आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टाखाली पत्र्याची छोटी पट्टी अडकवून भोकाचं तोंड झाकायचं. हे कुठल्या पुस्तकातून आलेलं शहाणपण नव्हे. कुणाचं तरी इंजिन फुटलं, म्हणून बाकीच्यांना कळलं.

ट्रेलर ओढणाऱ्या अमेरिकन डिझेल पिकअपचा इतिहास कंपन्यांच्या माहितीपत्रकांत अश्वशक्तीच्या आकड्यांनी लिहिलेला असतो. खरा इतिहास या असल्या खोटींमध्ये आहे. रिकामी गाडी बरंच काही लपवते. मागे घोड्यांचा ट्रेलर, होडी, गवताच्या गाठी किंवा राहण्याचा डबा जोडून तिला चढाला घातलं की पाणी तापतं, तेल तापतं, हेडचे बोल्ट ताणले जातात आणि आराखडा काढणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला होता ते उघड होतं.

ओढायला डिझेल का, याचं उत्तर इंजिनाच्या स्वभावात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. दाब जास्त, स्ट्रोक लांब, त्यामुळे इंजिन सावकाश फिरत असतानाच त्याचा जोर लागतो, आणि जड ओझं जागेवरून हलवायला तोच हवा असतो. शिवाय पेट्रोलच्या मोठ्या व्ही-८ इंजिनापेक्षा इंधन कमी लागतं. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ही शेवटची गोष्ट सगळ्यांना एकदम पटली.

त्या घाईतून पहिला मोठा घोटाळा झाला. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने १९७८च्या मॉडेलसाठी ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल बाजारात आणलं. ते मोटारींत बसलं, तसंच शेवरलेच्या हलक्या पिकअपमध्येही. पेट्रोलच्या इंजिनाला नुसते डिझेलचे कपडे चढवले, असं त्याच्याबद्दल अजून बोललं जातं. हे पूर्ण खरं नाही. ब्लॉक मुद्दाम जाड आणि मजबूत केला होता. पण कारखान्यातली यंत्रं तीच वापरता यावीत म्हणून हेडच्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. दाबाचं प्रमाण मात्र २२.५ला एक. बोल्ट ताणले गेले, हेड गॅसकेट उडाले, पाणी सिलिंडरमध्ये शिरलं. मेकॅनिकांना डिझेलची सवय नव्हती. ताणलेले जुने बोल्टच पुन्हा आवळून गाडी परत दिली जाई आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा दारात उभी राही.

दुसरी काटकसर याहून स्वस्त आणि याहून महाग पडली. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर या गाड्यांना दिलाच नव्हता. आपल्याकडचा कुठलाही ट्रकवाला सांगेल, की टाकीत पाणी उतरलं की पंप आणि नोझलचं काम निघालंच. अमेरिकन मालकांना ते माहीत नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत पाणी सुकवायला अल्कोहोल घालतात, तसं त्यांनी डिझेलमध्ये घातलं, आणि त्या अल्कोहोलने इंजेक्शन पंपातली लवचीक रिंगच खाल्ली. खटले झाले. सदोष गाडीच्या मालकाला दाद मिळवून देणारे ‘लेमन लॉ’ अनेक राज्यांत आले, त्यामागच्या कारणांत हे इंजिन नेहमी मोजलं जातं. १९८५मध्ये ते बंद झालं. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या मनातून मोटारीतलं डिझेल त्याने बरीच वर्षं उतरवलं.

पिकअपमध्ये मात्र डिझेल टिकलं, कारण तिथे गरज खरी होती. १९८२च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने डेट्रॉइट डिझेलचं ६.२ लिटरचं इंजिन दिलं. लष्कराच्या हमव्हीतही तेच बसलं. फोर्डने १९८३च्या मॉडेलसाठी इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ६.९ लिटरचं इंजिन घेतलं आणि पुढे त्याचंच बोअर मोठं करून ७.३ लिटरचं आलं. ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं हे लोखंड चांगलं दणकट होतं. तरी त्याला एक विचित्र रोग होता, आणि तो बाहेरून दिसत नसे. इंधन पेटल्याच्या धक्क्याने सिलिंडरची भिंत थरथरते. त्या थरथरीने भिंतीलगतच्या कूलंटमध्ये बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना प्रत्येक बुडबुडा लोखंडाचा कण टिपून नेतो. काही वर्षांत भिंतीला टाचणीएवढं आरपार भोक पडतं आणि पाणी सिलिंडरमध्ये येतं. या इंजिनाला बदलता येणारा लायनर नव्हता, आणि ७.३मध्ये बोअर वाढवल्यामुळे भिंत आणखी पातळ झाली होती. कूलंटमध्ये एक रासायनिक द्रव्य ठरावीक प्रमाणात घातलं की भिंतीवर संरक्षक थर बसतो. ट्रकवाल्यांना ही युक्ती माहीत होती. पिकअपवाल्यांना पाण्यात कागदी पट्टी बुडवून रंग पाहायची सवय लागायला बरीच इंजिनं खर्ची पडली.

मग १९८९च्या मॉडेलमध्ये डॉजने कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन बसवलं. एका ओळीत सहा सिलिंडर, थेट इंजेक्शन, टर्बो, १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क. हे इंजिन मुळात पिकअपसाठी नव्हतंच. केस कंपनीच्या शेतीयंत्रांपासून मध्यम ट्रकांपर्यंत कुठेही चालावं म्हणून ते आखलं होतं. त्याचा पंप निव्वळ यांत्रिक होता. इंधनाच्या सोलेनॉइडला वीज मिळाली की बाकी कुणाला काही विचारायची गरज नाही. हे इंजिन बंद पडलं तर शोधायच्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येत: डिझेल येतंय का, फिल्टर चोंदलाय का, हवा धरली आहे का. नळीचं नट सैल करून हवा काढणारा मिस्त्री पुण्यातला असो की टेक्सासमधला, हात तेच चालत.

पुण्याचं नाव इथे उगाच आलेलं नाही. किर्लोस्कर आणि कमिन्स यांनी १९६२मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ काढली, आणि कोथरूडच्या कित्येक घरांत ‘कमिन्समध्ये आहे’ हे स्थळ सांगताना अभिमानाने म्हणायचं वाक्य झालं. पुढे १९९३च्या करारातून जमशेदपूरला टाटा-कमिन्सचा कारखाना उभा राहिला आणि याच ५.९ लिटरच्या घराण्यातली इंजिनं टाटांच्या ट्रकांत येऊ लागली. आयोवाच्या शेतकऱ्याने गुरांचा ट्रेलर ज्या इंजिनामागे जोडला, त्याचेच भाईबंद कसारा घाट चढत होते.

डॉजची इतर अंगं या इंजिनाला पुरी पडली नाहीत, हेही सांगायला हवं. ओढीच्या कामात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापून हात टेकत. १९९४नंतरच्या पाचगिअरी पेटीत पाचव्या गिअरचा नट शाफ्टवर सैल होई आणि वरचा गिअर गायब. दणकट पैलवानाला वाकड्या चपला घालून आखाड्यात सोडावं, तशी गत.

चढाइतकीच परीक्षा उताराची असते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा आपल्याकडचा जुना नियम. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की थ्रॉटलची झडप हवा अडवते आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये अशी झडप नसते, त्यामुळे खालच्या गिअरमध्येही पकड कमी. हे कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स स्वतःच्या जिवावर शिकला. १९३१ साली त्याचं इंजिन बसवलेली गाडी इंडियानापोलिसच्या शर्यतीत ५०० मैल एकदाही न थांबता धावली होती. त्याच वर्षी तो डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला आणि कॅलिफोर्नियातल्या काहोन घाटात ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक आणि समोरून जाणारी मालगाडी. मालगाडीचा शेवटचा डबा जेमतेम पुढे सरकला म्हणून तो वाचला. इंजिनालाच ब्रेक कसं करता येईल, हा प्रश्न त्यानंतर त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या कल्पनेवरचा ‘जेक ब्रेक’ जेकब्स कंपनीने १९६१मध्ये बाजारात आणला. पिकअपवाल्यांच्या वाट्याला बराच काळ बाहेरून बसवायचा एक्झॉस्ट ब्रेकच आला. धुराच्या नळीत झडप बंद करायची, की अडलेल्या धुराशी झुंजताना इंजिन मंदावतं. डॉजच्या ६.७ लिटर इंजिनात २००७पासून टर्बोच हे काम करू लागला.

नव्वदीच्या दशकात इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि बिघाडाची भाषाच बदलली. जनरल मोटर्सच्या ६.५ लिटर इंजिनात पंप चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी थेट पंपावर, म्हणजे दोन हेडांच्या मधल्या भट्टीत बसवली होती. ट्रेलर ओढत चढ चढताना ती तापे, इंजिन बंद पडे, अर्ध्या तासाने निवलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होई. मालकांनी डबी काढून पुढच्या बंपरपाशी, वाऱ्याच्या वाटेवर नेऊन बसवली. फोर्डच्या ७.३ लिटरच्याच नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात, म्हणजे पॉवरस्ट्रोकमध्ये, कॅमशाफ्टची जागा सांगणारा छोटा सेन्सर काही न सांगता मरायचा आणि चालती गाडी मधेच गप्प व्हायची. तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा सेन्सर आणि १० नंबरचा पाना ठेवणं हा शिरस्ता झाला. कमिन्सच्या १९९८नंतरच्या पंपाला गारवा आणि वंगण दोन्ही डिझेलच पुरवतं. त्याला डिझेल पोचवणारा छोटा पंप थकला, की मोठा पंप मुकाट्याने मरतो. म्हणून समोरच्या काचेशेजारच्या खांबावर इंधनदाबाचा काटा लावायची पद्धत पडली. बायपास झालेल्या माणसाने रोज सकाळी रक्तदाब पाहावा, तसे हे लोक तो काटा पाहत.

या सगळ्या खोटींचा कळस म्हणजे फोर्डचं २००३चं ६.० लिटर पॉवरस्ट्रोक. इथे एक बिघाड दुसऱ्याचा हात धरून येतो. कूलंटमधल्या गाळाने ऑइल कूलरच्या बारीक वाटा चोंदतात. तिथून पुढे धूर थंड करणाऱ्या कूलरला पाणी कमी पडतं, तो फुटतो, पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होतं आणि हेडचे बोल्ट ताणून गॅसकेट उडवतं. वर्कशॉपमध्ये हेड काढायला नीट जागा मिळावी म्हणून पुष्कळदा गाडीची केबिनच चासीवरून उचलावी लागे. लिफ्टवर टांगलेली केबिन आणि खाली उघडं इंजिन, हे त्या काळच्या वर्कशॉपांतलं ठरलेलं दृश्य होतं. मालकांनी यावर रोगाआधीच त्याचा सुगावा लावणारी कसोटी काढली. तेलाचं आणि कूलंटचं तापमान एकाच पडद्यावर बघायचं. सपाट रस्त्यावर, गाडी पूर्ण तापल्यावर फरक १५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर कूलर चोंदत चाललाय. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर ही तपासणी व्यर्थ. फोर्ड आणि हे इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार यांचं भांडण कोर्टात गेलं, २००९मध्ये मिटलं, आणि २०११पासून फोर्डने आपलं स्वतःचं डिझेल आणलं.

आकड्यांची शर्यत तोवर हाताबाहेर गेली होती. जो तो ओढण्याची क्षमता आपल्या मापाने सांगे. त्यावर एक सामाईक मोजणी ठरली. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपाशी सुमारे ११ मैलांचा चढ आहे. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलर ओढत तो ठरावीक वेगाने चढून दाखवायचा. डिझेल पिकअपचा टॉर्क १९८९च्या ४००वरून २०१९मध्ये १,००० पाउंड-फुटांवर पोचला.

या वाढीबरोबर धुराचे नियमही आले. २००६पासून डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमपर्यंत उतरलं, २००७पासून काजळी पकडणारा फिल्टर बसला, मग युरियाची टाकी आली. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर नीट जळत नाही आणि चोंदतो. ट्रेलर ओढला की एक्झॉस्ट पुरेसा तापतो आणि तो स्वच्छ होतो. ओझ्याने गाडीचं भलं होण्याची ही बहुधा एकमेव जागा. तरी अनेकांनी हे सगळं उपटूनच टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०२०च्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची धूर-यंत्रणा काढून टाकली गेली होती. मालकांना नावं ठेवावीत, तर कमिन्सनेच रॅम (पूर्वीच्या डॉज) पिकअपच्या लाखो इंजिनांत चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर घातल्याचा आरोप झाला. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरायची तडजोड २०२४मध्ये पक्की झाली.

आणि म्हणून वायरिंगचा गुंता नसलेल्या, यांत्रिक पंपाच्या जुन्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्स पिकअपना अजून मागणी आहे. गंजलेल्या, रंग उडालेल्या गाड्या विकायला निघतात. जाहिरातीत मैल असतात, टायरांची अवस्था असते, किंमत असते, आणि बऱ्याचदा खाली एक छोटी ओळ: पिनेचं काम झालेलं आहे.