गिथेरीतला मूठभर खिमा

मी कवितेतला माणूस; आकडे दिसले की पान उलटणारा. पण केनियातल्या एका जुन्या अहवालाने मला धरून ठेवलं.

मसाई आणि किकुयू एकमेकांचे शेजारी. मसाई गुरं राखणारे. दूध, मांस आणि गुरांचं रक्त हा त्यांचा आहार. किकुयू शेतकरी, मका, रताळी, घेवडा खाणारे. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेचे जॉन बॉइड ऑर आणि केनियातल्या वसाहत सरकारचे वैद्यकीय प्रमुख जॉन गिल्क्स यांनी दोघांची मापं घेतली. १९३१ साली अहवाल छापून आला : मसाई पुरुष सरासरी ५ इंच उंच, २३ पौंड वजनदार आणि ताकदीने दीडपट!

झालं, मांस-दुधाचा विजय? सांभाळून. मसाईंमध्ये बद्धकोष्ठ आणि संधिवात जास्त होता. पालेभाज्या खाणाऱ्या किकुयू बायकांचा आहार त्यांच्या पुरुषांपेक्षा चांगला होता. शिवाय किकुयूंच्या जमिनी गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावल्या होत्या, डोक्यावर झोपडीचा कर होता. सरकारला काळजी होती ती मजुरांच्या अंगातल्या बळाची. ताटात काय कमी आहे हे पाहिलं. ते कुणी कमी केलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढे १९४९ साली ऑर यांना शांततेचं नोबेल मिळालं. मुलाच्या वाढीसाठी नेमकं काय लागतं, ते तपासणारा एक नेटका प्रयोग १९९८ साली सुरू झाला. माउंट केनियाच्या उतारावर एम्बू भागात १२ शाळा निवडल्या. शार्लट न्यूमन कॅलिफोर्नियाच्या, निमरॉड ब्विबो नैरोबी विद्यापीठाचे. पहिलीच्या मुलांना मधल्या वेळी गिथेरी, म्हणजे मका-घेवड्याची उसळ. काही शाळांत तीत ६० ग्रॅम खिमा (पुढे ८५), काहींत सोबत पेलाभर दूध, काहींत वरून जास्तीचं तेल. उष्मांक सगळीकडे सारखे. उरलेल्या तीन शाळांत काहीच नाही.

जवळपास दोन वर्षांनी दिसलं ते असं. आकृत्यांची कोडी सोडवण्यात खिम्याची मुलं सर्वांत पुढे गेली. दुधाचा तिथे तसा फायदा दिसला नाही. लहानग्यांची आणि खुरटलेल्यांची उंची मात्र दुधाने वाढली. दोन्ही गटांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता घटली. लोहाच्या बाबतीत मांसाकडून मोठी आशा होती, ती फळली नाही. त्या भागात मलेरियाचा मुक्काम होता. म्हणजे ताट सुधारलं तरी डास होतेच.

मला सगळ्यात आवडलेली नोंद मैदानावरची आहे. संशोधक मधल्या सुट्टीत नुसते बघत बसत. खिम्याची मुलं जास्त धावत, खेळात पुढाकार घेत. नुसत्या वजनकाट्यावर हे कुठून कळणार होतं?

आणि ज्या शाळांना काहीच मिळालं नव्हतं, त्या मुलांच्या आईबापांना प्रयोग संपल्यावर भरपाई ठरलेली होती : घरटी एक दुभती शेळी.