साजगावच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत : काही मैलांची पाच वर्षे

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १२५ किलोमीटर. लोहमार्गाने मात्र मुंबईहून पुणे गाठायचे तर १९२ किलोमीटर. ही वाढ काही अंशी ठाणे-कल्याणच्या वळशाची, काही अंशी सह्याद्रीची. आकाशातील सरळ रेषेला बोरघाट दिसत नाही. इतिहासाला मात्र तो सतत आडवा येतो.

घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीलगत साजगाव आहे. येथील विठोबाला लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात, कारण कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या यात्रेत सुक्या बोंबलांचा मोठा बाजार असतो. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी येथे उतरत, अशी परंपरा सांगते. आख्यायिकेची सत्यासत्यता क्षणभर बाजूला ठेवली, तरी तिच्यातील भूगोल अचूक आहे : घाटावरचा माल आणि किनाऱ्यावरचा माल जेथे भेटावा, ते हेच ठिकाण. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिरही याच वाटेची साक्ष देतात.

१८३० साल येथे महत्त्वाचे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत त्या वर्षी मार्चमध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघाली आणि महिन्याहून थोड्या अधिक काळात सुएझला पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. एकाच कारकिर्दीत लंडनही जवळ आले आणि पुणेही!

पुढे रेल्वे आली. १८५६ मध्ये रूळ पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. राहिला फक्त मधला घाट. खाली गाडी, वर गाडी आणि मध्ये पालखी, तट्टू किंवा बैलगाडी, अशी प्रवाशांची चढण पाच वर्षे चालली. आगगाडीचा वेग शेवटी भोयांच्या खांद्यावर अवलंबून होता.

त्या काही मैलांची किंमत जबर होती. मार्गाची आखणी अभियंता जेम्स बर्कले याची. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढ, २५ बोगदे. मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या कंत्राटदाराकडून काम गेले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे आल्यावर अल्पावधीतच मरण पावला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पूर्णत्वास नेले. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी कित्येक गेले. बर्कले, ट्रेडवेल ही नावे पुस्तकांत आहेत. सुरुंग लावणाऱ्यांची नाहीत.

१८६३ मध्ये घाटमार्ग सुरू झाला. चढण एका दमात झेपणारी नव्हती, म्हणून खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन ठेवावे लागले. ते १९२९ पर्यंत वापरात होते. १९३० मध्ये ‘डेक्कन क्वीन’ विजेच्या बळावर धावू लागली आणि मुंबई-पुणे प्रवास तीन तासांच्या आत आला. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेले, ते सुमारे एका दिवसात.

नव्या घाटमार्गाने खोपोलीला मात्र बाजूला टाकले. मुख्य मार्ग पळसदरीहून थेट डोंगरात शिरला आणि एके काळचे शेवटचे स्थानक शाखेचे टोक होऊन राहिले. साजगावचा बोंबलांचा बाजार अजून भरतो.