ताजी मांडी की जुनी?

डिसेंबर 1825. व्हर्जिनियात, जेम्स नदीच्या दक्षिणेला, स्मिथफील्डजवळच्या एका मळ्यावर तुम्ही उभे आहात. नाताळ तीन दिवसांवर आला आहे. हवेत कडाका पडला की इथे डुकरं कापतात. ऊब असेल तर मीठ हाडापर्यंत पोचायच्या आत मांस नासतं, आणि मांस गोठलं तर मीठ आत शिरतच नाही. कालच डुकरं कापली. फळीवर एक ताजी मांडी पडली आहे, फिकट गुलाबी, गार.

मालकीण कमरेची किल्ली काढून धुरीघर उघडते. आत अंधार आणि हिकरीच्या लाकडाचा धूर. तुळईला गेल्या हिवाळ्यातल्या मांड्या टांगलेल्या आहेत. मीठ आणि सोरा चोळलेल्या, धुरवलेल्या, उन्हाळाभर आटत गेलेल्या. वर पांढरट बुरशी दिसते. घाबरू नका, ती घासून निघते. अशाच मांड्या मॅलरी टॉड यांनी इथून 1779 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट युस्टेशस बेटावर पाठवल्या होत्या. समुद्रप्रवासात टिकणारा माल तो.

नाताळच्या पानात कोणती वाढायची? मालकीण तुमच्याकडे बघते.

ताजी घेतलीत तर विस्तवासमोर तासन्‌तास फिरवत भाजायची. कातडी कुरकुरीत होईल, आतलं मांस रसाळ आणि शिजल्यावर करडं-पांढरं, सोबत सफरचंदाची चटणी. जाड काप कापून पोटभर खावी अशी ही मांडी. जुनी मात्र पातळ कापायची. तिचा लालसर रंग शिजल्यावरही टिकतो. तो सोऱ्यामुळे, पण ते कसं घडतं हे उलगडायला एकोणिसावं शतक सरत यावं लागेल. चव खारट, धुरकट, जिभेवर रेंगाळणारी.

माझं मत विचाराल तर जुनी. ताजं मांस डुकरं कापायच्या आठवड्यात घराघरात असतंच. सणाला वर्षभर थांबलेलं काहीतरी हवं. पण आत्ताच सांगा, कारण तिला रात्रभर पाण्यात भिजवून खारटपणा उतरवावा लागतो, मग मंद आचेवर, पाणी खळखळू न देता, उकडायची.

हे सगळं करणारी बाई तुमच्या मागेच उभी आहे. ती गुलाम आहे. गेल्या डिसेंबरात गारठलेल्या बोटांनी मीठ तिनेच चोळलं होतं. किल्ली मात्र तिच्याकडे कधीच नव्हती. नाताळात शेतावरच्या लोकांना काही दिवस सुटी मिळते, स्वयंपाकघराला नाही. आणि 1 जानेवारीला गुलामांना वर्षाच्या कराराने दुसऱ्या मालकांकडे भाड्याने धाडतात. आई एका मळ्यावर, मूल दुसऱ्या.

तुम्ही जुनीकडे बोट दाखवता. ती बाई मांडी उतरवून पाण्यात सोडते आणि लगेच ताजीकडे वळते, मिठाची परात ओढून. ही आता पुढच्या नाताळची. तेव्हा ती स्वतः इथे असेल का, ते दहा दिवसांत कुणीतरी दुसराच ठरवणार आहे.