सातू, हॉप्स आणि पोतं फोडून माल देणारं दुकान



आजची नोंद लांबच्या मुलखातली आहे, अमेरिकेतली. तिकडं घरच्या घरी बियर आंबवणाऱ्या लोकांना कच्चा माल विकणारी छोटी छोटी दुकानं आहेत. गेल्या काही वर्षांत त्यातली बरीच बंद पडली. पिणं चांगलं का वाईट हा आजचा विषय नाही. पण त्या दुकानातला बहुतेक माल शेतातून येतो, आणि त्यांचं दुखणं आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या दुखण्यासारखंच आहे. म्हणून हा इतिहास लिहितोय.

आधी माल समजून घेऊ. सातू, म्हणजे बार्ली, भिजवायचा, मोड आणायचे आणि भट्टीत वाळवायचा. झालं माल्ट. दुसरं पीक हॉप्स. हा बहुवार्षिक वेल, साधारण अठरा फुटांच्या मांडवावर चढवतात. मादी वेलाची शंकूसारखी फुलं बियरला कडवटपणा आणि वास देतात. तोडणीच्या वेळी फुलात 75 ते 80 टक्के ओलावा असतो, तो वाळवून 8 ते 10 टक्क्यांवर आणावा लागतो. वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं हे ह्या पिकाचं आगार. तिसरं यीस्ट. आपल्या रायझोबियमच्या पाकिटासारखं तेही जिवंत असतं, उन्हात राहिलं की गेलं.

घरी करणारा माणूस एका वेळेला पाच गॅलन, म्हणजे 19 लिटरच्या आसपास करतो. त्याला चार-पाच किलो माल्ट, मूठ-दोन मूठ हॉप्स आणि 11 ग्रॅम यीस्टचं एक पाकीट लागतं. कारखान्यातून माल्ट येतं 25 किलोच्या पोत्यात. मग दुकानदार पोतं फोडणार, वजन करणार, भरडून देणार. हॉप्स उघड्यावर राहिले तर त्यांचा कस जातो, म्हणून ते हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवणार. वर नवख्याला तासभर समजावून सांगणार. विकलं नाही ते त्याच्याच अंगावर. फुटकळ मालाचा धंदा असाच असतो.

ह्या दुकानांवर पहिला घाव कायद्याचा बसला. जानेवारी 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. घरात फळांचा रस आणि सायडर करायला थोडी पळवाट होती, बियरला नव्हती. पण माल्टचा पाक डब्यात भरून विकायला बंदी नव्हती. तो बेकरीसाठी म्हणून विकला जायचा, आणि कशासाठी जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं. मोठमोठ्या बियर कंपन्यासुद्धा त्या काळात हा पाक विकून तगल्या. 1930 साली डॅनोविट्झ नावाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की, बेकायदा दारूसाठी म्हणून विकायला ठेवलेली रिकामी पिंपं, बाटल्या, बुचं आणि लेबलंही सरकार जप्त करू शकतं. म्हणजे कायद्याचा हात दारूवरून सामानावर आला.

आपल्याला हे नवीन नाही. इंग्रज सरकारनं 1892 साली मोहाच्या फुलांचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्या-विकण्यावर निर्बंध आणले. मोहफूल हे आदिवासींचं खाणंसुद्धा आहे, पण सरकारला त्यात फक्त दारू दिसली. महाराष्ट्रात मोहफुलांवरची बंधनं सैल व्हायला 2021 साल उजाडलं.

परत अमेरिकेत येऊ. 1933 ला दारूबंदी उठली. घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, घरगुती बियर मात्र राहून गेली. पुढची 45 वर्षं वाइनचं सामान म्हणून पाटी लावायची आणि बियरवाल्यालाही माल द्यायचा, असं दबकत काम चाललं. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचं स्टाइनबार्ट हे 1918 साली निघालेलं दुकान ह्या सगळ्यातून टिकलं. शेवटी 14 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन, तेही विकायचं नाही. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा ह्या दोन राज्यांत परवानगी मिळाली ती 2013 साली.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण आहे. त्याच्या निवडीचं काम 1956 च्या बियांपासून सुरू झालं आणि ओरेगॉनमधल्या सरकारी संशोधन केंद्रातून तो 1972 साली शेतकऱ्यांना मिळाला. सोळा वर्षं लागली. वास उग्र, लिंबा-मोसंबीच्या सालीसारखा. 1976 साली केन ग्रॉसमन नावाच्या तरुणानं कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बियरच्या सामानाचं दुकान टाकलं. हॉप्स मिळवायला तो स्वतः याकिमाला गेला आणि व्यापाऱ्यांकडची नमुन्याची छोटी पाकिटं घेऊन आला. पुढं त्यानं सिएरा नेव्हाडा ही बियर कंपनी काढली. तिची 1980 ची पेल एल ह्याच कॅस्केडवर उभी राहिली आणि मग त्या वाणाला देशभर मागणी आली.

ह्यातून मी एक गोष्ट घेतो. वाण संशोधन केंद्रात तयार होतो, पण त्याची परीक्षा गिऱ्हाईक घेतं. मोठा कारखाना चव बदलायला सहसा तयार नसतो. पावशेर माल नेऊन, बिघडला तर बिघडला म्हणणारा माणूस छोट्या दुकानातच सापडतो.

दुसरा घाव बाजाराचा. हॉप्सचे भाव बरीच वर्षं पडलेले होते, शेतकऱ्यांनी मांडव काढून टाकले. त्यात ऑक्टोबर 2006 मध्ये याकिमात एक मोठं गोदाम जळालं, देशाच्या पिकाचा चार टक्के माल एका झटक्यात गेला. पाठोपाठ युरोपचं पीकही कमी आलं. 2007-08 ला भाव कित्येक पटीनं चढले. ज्यांचे आधीपासून करार होते त्यांना माल मिळाला. छोट्या दुकानाकडं करार कुठला? मग शेतकऱ्यांनी धडाधड लागवड केली. 2007 ला अमेरिकेत सुमारे 31 हजार एकर होते, 2008 ला 41 हजारांच्या जवळ गेले, आणि 2010 ला परत 31 हजारांवर आले. आपला कांदा आठवला का? नंतर तेच पुन्हा झालं. 2021 ला 60 हजार एकरांच्या वर, 2024 ला 45 हजारांच्या आसपास.

तिसरा घाव सगळ्यात अवघड, कारण तो त्यांच्या यशातून आला. दुकानात शिकलेली गिऱ्हाइकंच पुढं बियर कारखाने काढून बसली आणि माल थेट ठोक व्यापाऱ्याकडून घेऊ लागली. 1978 च्या सुमारास देशात शंभरही कारखाने नव्हते, आज नऊ हजारांच्या वर आहेत. चांगली बियर कोपऱ्यावर मिळते म्हटल्यावर घरी कोण खटाटोप करणार? जे उरले ते फोनवरून माल मागवतात. गिऱ्हाईक दुकानात येऊन तासभर सल्ला घेतं आणि दहा रुपये कमी पडतात म्हणून ऑनलाइन घेतं, ही तक्रार तिकडंही आहे. 2016 साली तर जगातली सगळ्यात मोठी बियर कंपनी एबी इनबेव्हनं नॉर्दर्न ब्रूअर हे घरपोच माल पाठवणारं मोठं दुकानच विकत घेतलं आणि काही वर्षांनी विकूनही टाकलं. लहान दुकानदारांनी तेव्हा विचारलं, की ज्याच्याशी आमची स्पर्धा, त्याच्याच खिशात आमच्या गिऱ्हाइकांचा पैसा का जावा? प्रश्न बरोबर होता.

आपल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांचं सगळंच गोड नाही. नको ते औषध गळ्यात मारणारेही आहेत. पण दहा गुंठ्यापुरतं बी सुटं देणारा, उधार थांबणारा आणि मागच्या हंगामात कुणाच्या शेतात काय उगवलं हे सांगणारा माणूस गेला, तर नवा वाण थोडा करून बघायची सोयच जाईल. मग एक तर पूर्ण एकर लावा, नाहीतर जुनंच धरून बसा. तोटा दुकानदाराच्या आधी आपल्या रानात दिसेल.

तुमच्या भागात असं एखादं सुटा माल देणारं दुकान अजून चालू आहे का? असेल तर तिथून तुम्ही पहिल्यांदा कुठला नवा वाण आणला होता, ते जरूर लिहा.