आकड्यांची लढाई

बुद्धिबळाचा प्रवास आपल्या ऐकण्यातला आहे. भारताचा चतुरंग इराणमार्गे अरबांकडे जाऊन शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोहोचला. त्याच युरोपात, त्याच्या शेजारीच, आणखी एक पट पाचशेहून अधिक वर्षं मांडला जात होता. त्याचं नाव रिथमोमाकिया, म्हणजे आकड्यांची लढाई.

सुमारे १०३० साली जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या आसिलो नावाच्या धर्मगुरूनं हा खेळ लिहून ठेवला. पुढे रूढ झालेला पट ८ बाय १६ घरांचा. गोल, त्रिकोणी, चौकोनी सोंगट्या आणि प्रत्येकीवर आकडा. एक सैन्य २, ४, ६, ८ पासून वाढवत नेलेलं, दुसरं ३, ५, ७, ९ पासून. मारायचं तेही हिशेबानं. ४ आणि ८ यांनी मिळून शत्रूच्या १२ ला गाठलं की तो पडला. ४ पासून ३६ नऊ घरांवर उभा असेल तर तोही गेला. चार नवे छत्तीस!

खेळणारे होते मठांतले आणि चर्चच्या शाळांतले गुरू-शिष्य. सहाव्या शतकातल्या बोएथियसचं अंकगणित या खेळातून घोटलं जाई. राइखेनाउच्या मठातला हर्मान (१०१३ ते १०५४) त्यांतलाच. लहानपणापासून अंग आखडलेलं, चालता येत नसे, बोलणंही अस्पष्ट. पण त्यानं संगीतावर लिहिलं, अरबांकडून आलेल्या अस्तुरलाबवर लिहिलं आणि या लढाईचे नियमही लिहिले. बसल्या जागेवरून त्यानं केवढा प्रदेश पालथा घातला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी मात्रा मोजणारा माणूस. त्यामुळे मला सर्वांत भावते ती इथली जिंकण्याची रीत. नुसतं मारून मोठा विजय मिळत नसे. शत्रूच्या हद्दीत जाऊन आकड्यांचा मेळ मांडावा लागे. उदाहरणार्थ ६, ८, १२. १२ लांबीची तार षड्ज देत असेल, तर ८ लांबीची पंचम देते आणि ६ लांबीची वरचा षड्ज. आता गंमत पाहा, ६ आणि ८ आपले, पण १२ शत्रूच्या गोटातला. तो जिंकून आणल्याशिवाय हा सूर पुरा होत नाही.

सतराव्या शतकात बोएथियसचं गणित अभ्यासातून गेलं आणि हा पटही उठला. बुद्धिबळाला कुठल्या एका पोथीचा आधार लागत नव्हता, म्हणून ते टिकलं. पण समोरच्याच्या आकड्यावाचून आपला मेळ बसत नाही, हे मुलांना खेळता खेळता शिकवणारा दुसरा पट मला तरी माहीत नाही.