रद्द न झालेला कायदा

करामातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तर काउंटरवरचा पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा नसतो. 'इन्शुरन्स कार्ड?' हा असतो. दुबईत हे कार्ड सक्तीचं करणारा कायदा २०१३ सालचा, क्रमांक ११. शेख महंमद बिन रशीद यांनी तो काढला आणि मतदान, मोर्चे, उपोषणं असलं काहीही न होता लागू झाला. आधी हजारावर माणसं असलेल्या कंपन्या, मग शंभरावरच्या, मग लहानसहान दुकानं, शेवटी बायकामुलं. विमा नाही तर व्हिसाचं नूतनीकरण नाही, एवढी एक खुंटी ठोकली की बाकीचं आपोआप होतं. कामगाराचा हप्ता मालकाने भरायचा, पगारातून कापायचा नाही. (बायकामुलांचा मात्र ज्याने त्यांना इथे आणलं त्याने. त्यामुळे कमी पगारवाल्याचं कार्ड एकट्याचं आणि कुटुंब गावाकडे, हेही इथलंच चित्र.)

गंमत म्हणजे त्याच २०१३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकार १६ दिवस बंद होतं. भांडण कशावरून? आरोग्य विम्याच्याच कायद्यावरून! आमच्याकडे एका सहीत जे झालं ते तिथे झाल्यावरही होत नव्हतं आणि जातही नव्हतं. ही कोंडी मला तेव्हापासून छळते आहे. इंजिनियर माणूस, एखादी गोष्ट पडत का नाही म्हटलं की तिच्याखाली काय आहे ते बघावंसं वाटतं.

ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी त्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२, आणि बाजूने एकही रिपब्लिकन मत नाही. कायद्याला तीन पाय होते. आधीपासून मधुमेह किंवा कर्करोग आहे म्हणून विमा कंपनीने कुणाला नाकारायचं नाही, हा पहिला. प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर दंड, हा दुसरा. आणि ज्याला हप्ता झेपत नाही त्याला सरकारी अनुदान, हा तिसरा. पहिला पाय सगळ्यांना आवडतो, दुसरा कोणालाच नाही. पण दुसरा काढला तर लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला धावणार, म्हणजे घराला आग लागल्यावर आगीचा विमा उतरवण्यासारखं.

नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह जिंकलं आणि १९ जानेवारी २०११ ला रद्द करण्याचा ठराव २४५ विरुद्ध १८९ असा मंजूरही केला. सिनेट ओबामांच्या पक्षाकडे, त्यामुळे तो तिथेच मेला. मग हाच खेळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पन्नासहून जास्त वेळा! २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी वाचला. २०१६ च्या जानेवारीत रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार होऊन ओबामांच्या टेबलावर पोचलं, त्यांनी नकाराधिकार वापरला. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यांना नावं ठेवायला नकोत.

आता कोणी म्हणेल, लोकशाहीत असला कायदा रद्द करताच येत नसेल. येतो की! १९८८ साली रीगन यांच्या कारकिर्दीत वृद्धांच्या सरकारी विम्यात मोठ्या आजारपणाच्या खर्चाची भर घालणारा कायदा झाला. दोन्ही पक्ष राजी होते. पण पैसे उभे करायला वृद्धांवरच जादा कर बसवला, बऱ्या स्थितीतल्यांना १९८९ साली ८०० डॉलरपर्यंत. कर आधी, आणि बरेचसे फायदे पुढच्या वर्षांत. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत डॅन रोस्टेन्कोव्स्की या बड्या नेत्याच्या मोटारीला म्हाताऱ्यांनी घेरलं, एका आजीबाईंनी गाडीसमोर ठाण मांडलं, आणि साहेब उतरून चक्क पळत सुटले. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. वर्ष संपायच्या आत कायदा गेला.

ओबामांच्या कायद्यात क्रम उलटा होता. पहिल्याच वर्षी २६ वर्षांपर्यंतची मुलं आईबापांच्या विम्यात राहू लागली. २०१६ पर्यंत सुमारे २ कोटी माणसं नव्याने विम्यात आली होती. म्हणजे २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प आले, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांचीच होती, तेव्हा रद्द करायचा होता तो नुसता कागद राहिला नव्हता. त्या स्लॅबवर लोक राहायला आले होते. सभांमधून कर्करोगाचे रुग्ण उभे राहून आपल्या प्रतिनिधीला विचारू लागले, मग माझं काय?

उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर खरा घोटाळा हाच. सात वर्षं 'रद्द करू, नवा आणू' म्हणणाऱ्यांनी नव्याचा नकाशाच काढला नव्हता. त्यात सिनेटचा नियम आडवा. साधा कायदा करायचा तर चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं लागतात, यांच्याकडे ५२. अर्थसंकल्पाच्या वाटेने साध्या बहुमतावर जाता येतं, पण त्या वाटेने फक्त पैशाच्या बाबी. म्हणजे दंड आणि अनुदान कापता येणार, आजाऱ्याला नाकारू नका हा नियम मात्र तसाच राहणार. दोन पाय करवतीने कापून तिसऱ्यावर उभं राहा म्हणायचं!

२४ मार्च २०१७ ला वॉशिंग्टनमध्ये मतं पुरत नाहीत म्हणून विधेयक मागे घेतलं. त्याच आठवड्यात इथे करामातल्या टायपिंग सेंटरांपुढे बायकामुलांच्या विम्यासाठी धांदल होती, कारण दुबईची शेवटची मुदत ३१ मार्च होती. मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने २१७ विरुद्ध २१३ ने कसंबसं रेटलं. मग २८ जुलैची रात्र. सिनेटात एक आखूड केलेलं विधेयक आलं, त्याने १ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर जातील असा सरकारी अंदाज होता. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन बाई विरोधात होत्या. पहाटे दीडच्या सुमारास ८० वर्षांचे जॉन मॅकेन पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१. हेच मॅकेन २००८ साली ओबामांकडून निवडणूक हरले होते, आणि मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते. संसद सदस्याचा उत्तम विमा होता त्यांच्याकडे.

दंड मात्र डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने शून्यावर आणला, २०१९ पासून. दुसरा पाय गेला तर स्टूल पडेल, अशी सगळ्यांची खात्री होती. (माझीही.) नाही पडलं. अनुदानाचा पाय जाड होता, लोक हप्ता भरत राहिले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्यांदा कायदा वाचवला, ७ विरुद्ध २.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकार पुन्हा बंद पडलं, यावेळी ४३ दिवस, तोवरच्या इतिहासात सर्वांत लांब. हत्यार तेच, हात बदललेले. आता अडून बसले होते डेमोक्रॅट, मागणी होती कोविडकाळात वाढवलेलं अनुदान चालू ठेवा. सरकार उघडलं, पण वाढीव अनुदान वर्षाअखेरीस संपलं. कायदा जागच्या जागी राहिला आणि हप्ते चढले.