लाल, पण कोणत्या सालचा?

फेब्रुवारी १९६० मध्ये एअर-इंडियाच्या ताब्यात पहिलं बोइंग ७०७ आलं. आशियातल्या विमानकंपनीनं घेतलेलं ते पहिलं ७०७. मे महिन्यात कंपनीची जेट न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि दोन वर्षांत पंख्यांची सगळी विमानं बाजूला सारून एअर-इंडिया पूर्णपणे जेटवर चालणारी कंपनी झाली. हा इतिहास ठिकठिकाणी लिहिलेला सापडतो. त्या विमानाच्या खिडक्यांवरून नाकापासून शेपटीकडे जाणारा पट्टा लाल होता, एवढंही सापडतं. तो लाल कोणता, हे कुणी लिहून ठेवलेलं मला आजवर दिसलं नाही.

मला ते हवं होतं, कारण मी त्या ७०७ चं १/१४४ प्रमाणातलं मॉडेल करत होतो. सुमारे साडेशेहेचाळीस मीटरचं विमान या प्रमाणात बत्तीस सेंटिमीटरचं होतं आणि तो पट्टा उरतो काही मिलिमीटरचा. इतक्याशा पट्ट्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात विचारलं गेलं. पण माझी सगळी नोकरी ठाण्याजवळच्या एका रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेत शेड जुळवण्यात गेली आहे. गिऱ्हाइकानं “लाल द्या” म्हटलं की पहिला प्रश्न “कशासारखा लाल?” हाच असायचा. नमुन्याचा पत्रा हातात आल्याशिवाय आम्ही टिंटरच्या डब्याचं झाकण उघडत नसू. इथं तो पत्राच नव्हता.

सुरुवात सालापासून करावी लागते. विमान वीस-वीस वर्षं उडतं आणि त्या काळात त्याचा रंग अनेकदा बदलतो. म्हणून एखादं छायाचित्र हाती आलं की मी आधी अक्षरं वाचतो. अंगावर ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ असेल तर ते १९६२ च्या मध्याच्या आधीचं, कारण त्या वर्षी नावातलं ‘इंटरनॅशनल’ गळालं. मग शेपटीजवळचं ‘व्हीटी’नं सुरू होणारं नोंदणीचं नाव. मग इंजिनं: एअर-इंडियाची सुरुवातीची ७०७ ही ४३७ या प्रकारची, त्यांना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती. नंतर आलेल्या विमानांची इंजिनं वेगळी, त्यांचं तोंड वेगळं. ‘कांचनजंगा’ हे ७०७, नोंदणी व्हीटी-डीएमएन, २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर कोसळलं. डॉ. होमी भाभांसह ११७ माणसं त्यात गेली. या विमानाचं छायाचित्र असेल तर ते त्या तारखेच्या आधीचंच असणार. पुढे १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिलं जंबो आलं आणि प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची महिरप चढली. त्या झरोक्यांचा लाल घेऊन १९६० च्या ७०७ चा पट्टा रंगवणारे बरेच भेटतात. मध्ये अकरा वर्षं गेलेली असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

साल ठरलं की साक्षीदार तपासायचे. त्यातले छापील साक्षीदार सगळ्यांत देखणे आणि सगळ्यांत कमी भरवशाचे. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. स्वतंत्र भारताची ती पहिली लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय विमानसेवा. तिच्या स्वागतासाठी टपाल खात्यानं बारा आण्यांचं तिकीट काढलं आणि त्यावर कॉन्स्टेलेशनचं चित्र छापलं. तिकीट सुंदर आहे, पण ते काळ्या आणि निळ्या शाईत आहे. त्यावरून विमानाच्या रंगाबद्दल काहीही कळत नाही. विमानकंपनीची पोस्टरं, कॅलेंडरं, वेळापत्रकं यांचंही तेच. छापखान्याला परवडेल त्या शाईचा लाल तिथं असतो. चित्रकारानं निवडलेला लाल छपाईत आणखी एकदा बदलतो. पोस्टरवरून मी पट्ट्याचा आकार घेतो, रंग कधीच घेत नाही.

कृष्णधवल छायाचित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या विमानांबाबत भांडणं होतात ती त्यांच्यावरूनच. तिसाच्या दशकात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती. तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे लाल भाग काळा येतो आणि निळा फिका. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. तिच्यात तोच लाल मध्यम राखाडी येतो. त्यात छायाचित्रकारानं ढग उठून दिसावेत म्हणून भिंगावर नारिंगी किंवा लाल फिल्टर चढवला असेल, तर आकाश गडद होतं आणि लाल पट्टा फिका, कधी पांढऱ्याच्या जवळ. म्हणजे एकच विमान, एकच पट्टा, आणि तीन छायाचित्रांत काळा, राखाडी आणि जवळजवळ पांढरा. ही तिन्ही छायाचित्रं समोर ठेवून कंपनीनं तीनदा रंग बदलला, असा इतिहास लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. आकाशाकडे बघावं, हा त्यावरचा साधा उपाय. भर उन्हातलं निळं आकाश गडद आलं असेल तर फिल्टर होता, आणि मग पट्ट्याच्या राखाडीवरून काहीही ठरवू नये.

याला जोडून एक गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ या छोट्या विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तो प्रवास पुन्हा केला, तेव्हा त्यांच्याकडे लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही डी हॅविलंडची, दिसायला एका घरातली, पण विमान वेगळं आणि रंगही नव्यानं दिलेला. १९८२ ची रंगीत छायाचित्रं मुबलक आहेत, म्हणून त्यांच्यावरून १९३२ चं विमान रंगवलं जातं. पुन्हा उभं केलेलं विमान हा पुन्हा उभं करणाऱ्याच्या समजुतीचा पुरावा असतो. मूळ विमानाच्या रंगासाठी तो मी मानत नाही.

रंगीत फिल्ममध्ये मी कोडॅक्रोमला सर्वांत वरचा मान देतो. १९३५ मध्ये ती बाजारात आली. तिचे रंग अंधाऱ्या, कोरड्या जागी विलक्षण टिकतात. पडद्यावर वारंवार दाखवलेल्या स्लाइड मात्र प्रोजेक्टरच्या दिव्यानं फिकट होतात. त्या काळच्या इतर अनेक फिल्म आणि कागदी प्रिंट यांच्यात अंधारातही सायन रंग आधी उडतो आणि सगळं चित्र तांबूस होतं. इथं एक बारकावा आहे. लाल रंगात सायन मुळातच थोडा असतो. त्यामुळे अशा विटलेल्या छायाचित्रात लाल पट्ट्याचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते आकाश, धावपट्टी आणि माणसांचे चेहरे. स्कॅनरला “रंग सुधार” म्हटलं की तो सगळ्या चित्रात सरसकट सायन ओततो आणि जो लाल शाबूत होता तोच मळकट तपकिरी होऊन बसतो. यंत्राची ही सुधारणा बंद ठेवावी, असं मी कळकळीनं सांगेन.

स्लाइड चांगली असली तरी ती वाचावी लागते. चकचकीत लाल रंगाच्या वरच्या वळणावर आकाश पडतं, तिथं तो जांभळट दिसतो. पोटाखालचं उघडं ॲल्युमिनियम जमिनीचा रंग घेतं, त्याची पिवळसर छटा पट्ट्याच्या खालच्या कडेला येते. रंग बघायचा तो पट्ट्याच्या मधोमध, सावलीच्या बाजूला.

आता खुद्द रंग. माझे मामा सांताक्रूझच्या हँगरमध्ये पेंट शॉपला होते. “विमान एका दिवशी लाल होत नसतं रे,” असं ते म्हणायचे. ७०७ बोइंगच्या रेंटन कारखान्यातून अमेरिकन रंग लेवून यायचं. मुंबईला आल्यावर कुठं दाराची कड खरवडली जायची, कुठं इंजिनाचं आवरण बदललं जायचं. हायड्रॉलिकचं तेल, स्कायड्रॉल, हे फॉस्फेट एस्टर. ते साध्या एनॅमलला पोखरून काढतं. चाकांच्या दारांपाशी ते गळलं की तिथला रंग फुगून सुटायचा. मग टच-अप. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओल्या लॅकरवर बसून पांढुरका धुरकटपणा यायचा, त्याला आम्हीही ब्लशिंगच म्हणतो. थोडक्यात, पाच वर्षं उडालेल्या विमानावर पाच वेगवेगळ्या वयांचे लाल शेजारी-शेजारी असत. मॉडेलवर सगळा पट्टा एकसारखा दिसला तर ते नुकतंच रंगशाळेतून बाहेर पडलेलं विमान आहे, असं समजावं.

रंग वयात कसा येतो हे त्यातल्या रंजकावर ठरतं. त्या काळच्या लाल एनॅमलमध्ये टोल्युडिन रेड खूप वापरलं जाई. झगझगीत, स्वस्त, पण उन्हात पृष्ठभाग खडूसारखा भुकटीचा होतो आणि लाल गुलाबट दिसू लागतो. पॉलिश मारलं की मूळ लाल परत वर येतो. म्हणजे धुलाईच्या आधी आणि नंतर काढलेल्या दोन छायाचित्रांतही दोन लाल दिसू शकतात.

कुर्ल्याच्या भंगारातून मला एका विमानाचं छोटं गोल झाकण मिळालं होतं. कोणत्या विमानाचं, याचा दाखला नसल्यानं शेडसाठी ते मी जमेस धरलं नाही, पण त्यानं मला थर वाचायला शिकवलं. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून एकाच जागी गोल घासत गेलं की बशीसारखा उतार तयार होतो आणि एकेक थर वर्तुळानं उघडा पडतो. वर लाल, त्याखाली जरा गडद दुसरा लाल, मग पांढरा, मग झिंक क्रोमेटचा हिरवट पिवळा प्रायमर, आणि शेवटी चमकणारं ॲल्युमिनियम. वस्तुसंग्रहालयांतले जतनकार याच रीतीनं विमानांचे मूळ रंग शोधतात. खालचा लाल उन्हापासून झाकलेला असतो, म्हणून तो वरच्यापेक्षा खरा.

शेड सापडली की तिला क्रमांक द्यायचा. जर्मनांची राल पद्धत १९२७ ची, ब्रिटिशांचं ३८१ हे मानक १९३० चं, अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड ५९५ हे १९५६ चं. अमेरिकन क्रमांक वाचायला सोपा: १११३६ मधला पहिला १ म्हणजे चकचकीत, दुसरा १ म्हणजे लाल गट. पण १९४८ च्या विमानाला कुणी फेडरल ५९५ चा क्रमांक लावला, तर तो नंतरच्या माणसानं जुळवलेला आहे हे उघड आहे. शिवाय दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. कारखान्यात आम्ही प्रत्येक पॅनेल पेटीत ठेवून दिवसाचा प्रकाश, ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा अशा तिन्हींखाली बघायचो. मॉडेल जिथं ठेवणार तिथल्या दिव्याखाली रंग तपासावा, ही माझी सूचना त्या सवयीतून आलेली आहे.

मॉडेलकारांत एक मत असं आहे की लहान प्रमाणाला रंग फिका करावा, कारण दुरून रंग फिके दिसतात. मला ते पटत नाही. १/१४४ चं मॉडेल एक फुटावरून बघणं म्हणजे खरं विमान १४४ फुटांवरून बघणं. चव्वेचाळीस मीटरवर स्वच्छ हवेत लाल फिका पडत नाही. वर लालात पांढरा घातला की तो गुलाबी होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कमी करायची असेल तर चमक कमी करावी.

माझ्या ७०७ चा लाल मी मामांच्या एका कोडॅक्रोम स्लाइडवरून ठरवला. चौकटीवर १९६४ छापलेलं आहे. पेंट शॉपची माणसं विमानाच्या सावलीच्या बाजूला ओळीनं उभी आहेत आणि त्यांच्या डोक्यांवरून पट्टा गेला आहे. त्यांच्या कपड्यांचा पांढरा आणि चेहऱ्यांचे रंग ठीक आहेत, म्हणून लालावरही विश्वास ठेवला. ब्रिटिश ५३७, सिग्नल रेड, हा पाया धरून त्यात कणभर निळसर लाल मिसळला. हा १९६४ च्या सांताक्रूझचा लाल आहे. १९६० मध्ये रेंटनहून निघालेल्या विमानासाठी तो वापरा, असं मी कुणाला सांगणार नाही.

‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० ला माँ ब्लाँवरच आदळलं होतं. पंधरा वर्षांनी ‘कांचनजंगा’ त्याच डोंगरावर पडलं. बोसाँ हिमनदी त्या अपघातांतल्या वस्तू अजून खाली आणून सोडते: पत्रं, टपालाची थैली, १९६६ ची वर्तमानपत्रं. त्या विमानांचे अवशेष फ्रान्समधल्या बर्फात जपले गेले. आपल्याकडचे पुरावे घरांत आहेत, आणि घरं रिकामी होत आहेत.

कालिना, सांताक्रूझ, पार्ले इथल्या ज्या घरांत एअर-इंडियात नोकरी केलेलं माणूस होतं, तिथं माळ्यावर स्लाइडचा डबा असण्याची शक्यता मोठी आहे. तो रद्दीत देऊ नका. स्लाइड चौकटीसकट स्कॅन करा, म्हणजे छापलेला महिना आणि साल सोबत राहील. स्कॅनरची रंगसुधारणा बंद ठेवा. माणसं कोण, जागा कोणती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून पेन्सिलीनं लिहून ठेवा. आणि एखादा रंगाचा थर असलेला पत्र्याचा तुकडा निघाला, तर तो घासूनपुसून चकचकीत करू नका, कागदात गुंडाळून अंधारात ठेवा.